महागड्या इंजेक्शनचा रुग्ण आणि वैद्याचा केसपेपर

आमवात, सोरायसिस, पाठीचा कणा आखडवणारा संधिविकार किंवा आतड्याचा जीर्ण दाह यांनी गांजलेला रुग्ण आपल्या चिकित्सालयाची पायरी व्याधीच्या आरंभीच चढतो असे क्वचितच घडते. दोन-चार वर्षे अन्यत्र उपचार घेऊन, फायलींची पिशवी सोबत घेऊन, काहीसा वैतागून तो येतो. हे आपणां सर्वांना परिचित आहे. परंतु त्या पिशवीतील कागद गेल्या पंधरा-वीस वर्षांत बदलले आहेत, याची नोंद आपल्यापैकी किती जणांनी घेतली आहे याविषयी मी साशंक आहे. पूर्वी तेथे वेदनाशामके, स्टिरॉइड आणि फार तर मेथोट्रेक्सेट असे. आता त्यांच्या जोडीला अडॅलिमुमॅब, इन्फ्लिक्सिमॅब, रिटुक्सिमॅब, टोसिलिझुमॅब, सेक्युकिनुमॅब, डेनोसुमॅब अशी नावे आढळतात. शेवटी ‘मॅब’ हे उपपद असलेली ही औषधे म्हणजे मोनोक्लोनल अँटिबॉडी, अर्थात एकाच पेशीच्या वंशातून निर्माण केलेली प्रतिपिंडे.

या औषधांची स्तुती करावी वा निंदा करावी यासाठी हा लेख नाही. माझे प्रतिपादन एवढेच की, अशा इंजेक्शनवर असलेला रुग्ण हा वेगळा रुग्ण आहे. त्याचा ज्वर, त्याचा अतिसार, त्याची कामला, त्याचा कटिशूल यांचा अर्थ नेहमीच्या पद्धतीने लावता येत नाही. आणि ते इंजेक्शन बंद करण्याचा सल्ला, तोही बहुधा एका वाक्यात आणि सहज दिलेला, हा आपल्या व्यवसायातील आजचा एक गंभीर प्रमाद ठरत आहे.

प्रथम या औषधांचे स्वरूप पाहू. शरीरात परका पदार्थ शिरला म्हणजे रक्तातील विशिष्ट पेशी त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करतात. प्रत्येक पेशी एकाच प्रकारचे प्रतिपिंड करते, पण अशा असंख्य पेशी एकाच वेळी कामास लागत असल्याने रक्तात त्यांचे मिश्रण असते. घोड्याच्या रक्तापासून काढलेला सर्पविषाचा प्रतिविष-रस अशा मिश्रणाचाच होय. यांतील एकच पेशी निवडून तिचाच वंश वाढवावा, तर अडचण अशी की ती पेशी काही दिवसांतच मरते. केंब्रिज येथे जॉर्ज्स कोहलर आणि सेझार मिल्स्टाइन यांनी १९७५ साली यावर उपाय शोधला. प्रतिपिंड करणारी उंदराची पेशी त्यांनी उंदराच्याच अर्बुदातील पेशीशी जोडली. अर्बुदपेशीला मरण ठाऊक नसते. जोडून झालेली संकरित पेशी प्रतिपिंडही करी आणि अखंड वाढतही राही. १९८४ साली दोघांना नील्स येर्ने यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. या शोधाचे पेटंट घेतले गेले नाही, ही गोष्ट आजच्या बाजारभावाकडे पाहता विलक्षण वाटते.

उंदराची प्रतिपिंडे माणसाला द्यावीत तर मानवी शरीर त्यांनाच परके मानते. प्रत्यारोपित वृक्काचा अस्वीकार रोखण्यासाठी १९८६ साली अमेरिकेत मान्यता मिळालेले पहिले औषध अशा उंदीरजन्य प्रतिपिंडाचेच होते आणि ते पुढे मागे पडले. नंतर अंशतः उंदराची व अंशतः मानवी, मग बहुतांशी मानवी, आणि शेवटी पूर्णतः मानवी अशी प्रतिपिंडे आली. नावांच्या शेवटाकडे पाहिले तर हा इतिहास दिसतो : ‘झिमॅब’ म्हणजे मिश्र, ‘झुमॅब’ म्हणजे मानवसदृश केलेले, ‘उमॅब’ म्हणजे मानवी. औषधी दुकानदारांना ही खूण उपयोगी आहे. तथापि जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ पासून उगम सांगणारी ही अक्षरे नव्या नावांतून वगळली आहेत, आणि २०२१ मध्ये ठरलेल्या पद्धतीनुसार नव्या औषधांच्या नावांत खुद्द ‘मॅब’ हेही उपपद राहणार नाही. तेव्हा केवळ नावावर विसंबणे यापुढे पुरेसे नाही. दुसरेही एक लक्षात ठेवावे. ‘मॅब’ हे घडणीचे नाव आहे, कर्माचे नव्हे. यांतील काही औषधे शरीराची संरक्षणव्यवस्था दडपतात, काही तिला मोकळे सोडतात, काहींचा तिच्याशी प्रत्यक्ष संबंध नसून ती अस्थीवर काम करतात. एकाच उपपदाखाली परस्परविरुद्ध कर्मे नांदतात.

येथे आपल्यातील काही विद्वानांचा एक मोह नमूद केला पाहिजे. परिसंवादात प्रतिपिंडांचा विषय निघाला की कोणीतरी उठून ‘हेच आमचे व्याधिक्षमत्व’ असे सांगतो आणि सभागृहात टाळ्या पडतात. चरकसूत्रस्थानाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायावरील टीकेत चक्रपाणींनी व्याधिक्षमत्वाची जी दोन अंगे सांगितली, उत्पन्न व्याधीच्या बलाला विरोध आणि व्याधीच्या उत्पत्तीलाच प्रतिबंध, ती विचार म्हणून आजही थोर आहेत. परंतु ज्या व्याधीत रक्षण करणारी यंत्रणाच स्वतःच्या सांध्यांवर, त्वचेवर वा आतड्यावर तुटून पडते, तेथे ‘क्षमत्व वाढवा’ हे सूत्र जसेच्या तसे लावता येत नाही. शब्दांचे साम्य दाखवून समाधान मानण्याने रुग्णाचे काहीच साधत नाही. त्याचे हित पुढील तपशिलांत आहे.

संधिवातासाठी सर्वाधिक वापरली जाणारी अडॅलिमुमॅब, इन्फ्लिक्सिमॅब ही औषधे टीएनएफ नावाच्या दाहकारक प्रथिनाला बांधून टाकतात. सूज उतरते, रुग्ण चालू लागतो. परंतु हेच प्रथिन शरीरात आणखी एक काम करीत असते. राजयक्ष्म्याचे जंतू ज्या गाठीत कोंडून ठेवलेले असतात, त्या गाठीची भिंत त्याच्या आधारावर उभी असते. प्रथिन निष्प्रभ झाले की भिंत ढासळते आणि वर्षानुवर्षे निद्रिस्त असलेला क्षय जागा होतो. इन्फ्लिक्सिमॅब घेतलेल्या ७० रुग्णांत झालेल्या क्षयाचा वृत्तांत २००१ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा दोन गोष्टी प्रकर्षाने दिसल्या : व्याधी बहुधा पहिल्या काही आठवड्यांत वा महिन्यांतच उद्भवला होता, आणि निम्म्याहून अधिक रुग्णांत तो फुप्फुसाबाहेरचा होता. म्हणजे कास नाही, कफ नाही, रक्तष्ठीवन नाही. आहे तो सायंकाळचा मंद ज्वर, अरुचि, कार्श्य, मानेतील वा उदरातील ग्रंथी. जगातील क्षयरुग्णांपैकी चौथ्या हिश्श्याहून अधिक रुग्ण ज्या देशात आहेत, त्या देशात आपण व्यवसाय करतो. अशा रुग्णाला ‘धातुक्षय’ म्हणून अश्वगंधा, च्यवनप्राश, बृंहण कल्प सुरू करून महिनाभर वाट पाहणे किती महागात पडेल, हे सांगावयास नको. इंजेक्शन सुरू करण्यापूर्वी छातीचे क्ष-किरण चित्र आणि क्षयाची त्वचेवरील किंवा रक्ताची चाचणी केलेली असते हे खरे, परंतु ती चाचणी त्या दिवसापुरती असते. त्यानंतर घरात वा कारखान्यात नवा संसर्ग होणे आपल्याकडे मुळीच दुर्मिळ नाही. यास्तव टीएनएफविरोधी इंजेक्शनवर असलेल्या रुग्णात दोन आठवड्यांहून अधिक टिकलेला ज्वर वा विनाकारण घटलेले वजन हे अन्य काही सिद्ध होईपर्यंत क्षयच समजावे, आणि त्याला त्याच दिवशी तपासणीस पाठवावे.

रिटुक्सिमॅबची गोष्ट निराळी. ते प्रतिपिंड तयार करणाऱ्या पेशींच्या पूर्वजांनाच नष्ट करते. सलाइनमधून पंधरा दिवसांच्या अंतराने दोन मात्रा दिल्या की कित्येक महिने पुन्हा द्यावे लागत नाही, आणि रुग्ण विसरून जातो. ‘सध्या कोणती औषधे चालू आहेत?’ या आपल्या प्रश्नाला तो गोळ्यांची नावे सांगतो. चार महिन्यांपूर्वीची सुई त्याच्या लेखी ‘चालू’ नसते, औषधाचा परिणाम मात्र पूर्णपणे चालू असतो. रक्तात सुप्त असलेला ब प्रकारच्या काविळीचा विषाणू या औषधाने उसळून यकृत निकामी झाल्याची उदाहरणे असल्याने अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ साली त्यावर सर्वांत कडक इशारा छापावयास लावला. उपचार संपल्यानंतर दोन वर्षांपर्यंतही असे घडू शकते. अशा रुग्णाला कामला झाली, की आरोग्यवर्धिनी आणि कुटकी देऊन आठ दिवसांनी बोलावणे हा मार्ग नव्हे.

टोसिलिझुमॅब आपल्याकडे सर्वतोमुखी झाले ते २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत, कोविडच्या दुसऱ्या लाटेत, नातेवाईक त्याच्या एकेका कुपीसाठी रात्रंदिवस वणवण करीत होते तेव्हा. मूळचे ते संधिवाताचे औषध. ज्या इंटरल्यूकिन-६ ला ते रोखते, त्याच्याच प्रेरणेने ज्वर येतो आणि यकृतात सीआरपी तयार होते. परिणामी या रुग्णाला न्यूमोनिया झाला असता अंग तापेलच असे नाही आणि सीआरपीचा अहवालही निर्दोष येऊ शकतो. ‘ज्वर नाही, अहवाल उत्तम’ असे समजून स्वस्थ बसणारा वैद्य येथे फसतो. या औषधाने क्वचित आतड्यास छिद्र पडते, म्हणून तीव्र उदरशूलाची तक्रार असताना बस्तीचा विचारही करू नये.

आता उलट टोकाचा रुग्ण पाहू. कर्करोगात वापरली जाणारी निवोलुमॅब, पेम्ब्रोलिझुमॅब ही औषधे संरक्षक पेशींवरील आवर काढून टाकतात, जेणेकरून त्या अर्बुदावर चालून जाव्यात. या तत्त्वाच्या शोधाबद्दल जेम्स अ‍ॅलिसन आणि तासुकु होंजो यांना २०१८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. ही औषधे परदेशापुरती आहेत असे समजू नये. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील चिकित्सकांनी मुख-कंठाच्या कर्करोगात निवोलुमॅब केवळ २० मिलिग्रॅम, तीन आठवड्यांतून एकदा, स्वस्त गोळ्यांच्या जोडीला देऊन पाहिले. प्रचलित मात्रा दोन आठवड्यांस २४० मिलिग्रॅमची आहे. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार एका वर्षानंतर हयात असलेल्यांचे प्रमाण केवळ गोळ्या घेणाऱ्यांत १६.३ टक्के, तर ही अल्प मात्रा जोडलेल्यांत ४३.४ टक्के होते. तंबाखूच्या कर्करोगाने ग्रासलेल्या आपल्या प्रदेशात हा मार्ग रुळला, तर तालुक्याच्या गावीही असे रुग्ण दिसू लागतील. त्यांना अतिसार झाला तर तो अग्निमांद्याचा किंवा बाहेरच्या खाण्याचा असेलच असे नाही. आवर सुटलेल्या पेशी आतड्यावरच तुटून पडलेल्या असू शकतात. त्या वेळी कुटजारिष्ट आणि बिल्वाने मलप्रवृत्ती आवरली, तर आत चाललेला दाह केवळ झाकला जातो. उपचार थांबल्यावर काही महिन्यांनीही हा प्रकार घडतो. अशा रुग्णाला त्याच दिवशी कर्करोगतज्ज्ञाकडे पाठवावे. मधुमेह नसताना अकस्मात तृष्णा-बहुमूत्रता, नवा श्वास, अतीव दौर्बल्य यांचाही विचार याच दिशेने करावा.

सर्वांत दुर्लक्षित औषध मात्र डेनोसुमॅब होय. रजोनिवृत्तीनंतरच्या अस्थिसौषिर्यासाठी दर सहा महिन्यांनी त्वचेखाली दिली जाणारी ६० मिलिग्रॅमची ही साधी सुई. अस्थी झिजवणाऱ्या पेशींची निर्मिती ती रोखून धरते. औषधाचा अंमल संपला की रोखलेल्या पेशी एकदम जाग्या होतात आणि कमावलेली अस्थिघनता काही महिन्यांत गमावली जाते. इतकेच नव्हे, तर एकाच वेळी दोन-तीन मणके दबून भग्न होण्याचा धोका असतो. पासष्टीची एक रुग्णा कल्पावी. गुडघ्यांसाठी ती आपल्याकडे आली आहे, आपल्या औषधांनी तिला आराम पडला आहे, आणि ‘आता ती सुई कशाला?’ असे तिने विचारले आहे. ‘नको घेऊ, लाक्षादि गुग्गुळ चालू आहेच’ असे उत्तर मिळाले, की सातव्या-आठव्या महिन्यानंतर ती कटिशूल घेऊन परत येते. मग कटिबस्ती होते, स्नेहन होते, मर्दनही होते, आणि भग्न मणक्यावरच होते. येथे कोणी चरकसूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायातील पादांशिक क्रमाचा दाखला देईल, की सवयीचे द्रव्य क्रमाक्रमाने सोडवावे. तो विचार स्टिरॉइडसारख्या रोज घेतल्या जाणाऱ्या औषधांना पुष्कळ अंशी जुळतो, या सुईला नाही. हिची मात्रा पाव-पाव कमी करून भागत नाही. ती थांबवावयाची तर तिच्या जागी अस्थी टिकवणारे दुसरे आधुनिक औषध योग्य वेळी सुरू करावे लागते, आणि तो निर्णय देणाऱ्या चिकित्सकाचा आहे. आपण करावयाचे ते एवढेच की, पुढील सुईची तारीख विचारावी आणि ती चुकू देऊ नये.

‘दोन महिने बंद करून पाहू’ हा सल्ला अन्य औषधांतही निरुपद्रवी नसतो. इन्फ्लिक्सिमॅब मध्येच सोडून पुन्हा सुरू केले, तर शरीर त्याच्याच विरुद्ध प्रतिपिंडे तयार करण्याचा संभव वाढतो. मग ते औषध निष्प्रभ होते किंवा देतानाच तीव्र प्रतिक्रिया येते. आपल्या उपचाराने गुण आला नाही, तर परत जाण्याचा रुग्णाचा मार्गही अशा रीतीने आपण बंद केलेला असतो.

आणखी एक अप्रिय विषय. २०२० नंतर ‘रोगप्रतिकारशक्ती वाढवणारे’ या वर्णनाखाली आपल्या औषधालयांतून जे विकले गेले आणि आजही विकले जाते, त्याचा ग्राहक कोण, हे कोणी विचारीत नाही. ज्याची प्रतिकारयंत्रणा आधीच भरकटली आहे अशा रुग्णाला ती वाढवणारे म्हणून काही देणे हे तर्काला धरून आहे काय? ही यंत्रणा चेतवली म्हणजे हितच होते, या समजाचे उत्तर लंडनमध्ये मार्च २००६ मध्ये मिळाले. नॉर्थविक पार्क रुग्णालयाच्या आवारात टीजीएन १४१२ नामक नवे मोनोक्लोनल प्रतिपिंड सहा निरोगी तरुणांना देण्यात आले. ते संरक्षक पेशींना चेतवणारे होते. काही तासांतच सहाही जण अत्यवस्थ झाले. अतिदक्षता विभागातील उपचारांनी ते वाचले, पण सर्व जगाला धडा मिळाला. आपल्या वनस्पतींची तुलना अशा औषधाशी करणे अतिशयोक्तीचे होईल, हे मान्य. परंतु गुडूचीचा प्रश्न टाळून चालणार नाही. २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबर या काळात मुंबईत गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांत स्वप्रतिकारजन्य यकृतदाहासारखी यकृतहानी आढळल्याचा वृत्तांत २०२१ साली प्रसिद्ध झाला. आयुष मंत्रालयाने त्याच वर्षी त्यास आक्षेप घेतला : वनस्पतीची ओळख पटवलेली नव्हती, टिनोस्पोरा कॉर्डिफोलियाऐवजी टिनोस्पोरा क्रिस्पा असण्याची शक्यता होती. हा आक्षेप गंभीर आहे, परंतु तो आपल्यालाच अधिक अडचणीत टाकतो. पोत्यात आलेली गुळवेल नेमकी कोणती, हे विकणाऱ्याने आणि देणाऱ्याने सांगावयाचे नाही तर कोणी सांगावयाचे? माझे मत स्पष्ट आहे. स्वप्रतिकारजन्य व्याधीसाठी जैविक इंजेक्शन घेणाऱ्या रुग्णाला गुडूची, अश्वगंधा अथवा तत्सम रसायन केवळ ‘शक्तीसाठी’ देऊ नये. द्यावेसे वाटले तर त्याच्या तज्ज्ञाला कळवून, यकृताच्या चाचण्या आधी आणि नंतर करून, निश्चित मुदतीसाठी द्यावे.

यावर ‘मग आपल्या हाती उरते काय?’ असा प्रश्न येईल, आणि तो रास्त आहे. ही इंजेक्शने व्याधी निर्मूल करीत नाहीत. बहुतेकांना ती दीर्घकाळ घ्यावी लागतात, काहींना गुण येत नाही, काहींचा गुण ओसरतो. खर्चाची बाजूही आहेच. डॉ. रेड्डीज कंपनीने २००७ साली भारतात रिटुक्सिमॅबची आणि झायडस कॅडिलाने डिसेंबर २०१४ मध्ये अडॅलिमुमॅबची जैवसदृश आवृत्ती आणली, दुसरी तर जगात पहिली होती. किमती उतरल्या तरी शेतकऱ्याला वा गिरणीकामगाराच्या विधवेला त्या परवडतात असे नव्हे. आपल्याकडे येणारे कित्येक रुग्ण तत्त्वज्ञानामुळे नव्हे, तर पैसे संपल्यामुळे येतात. त्यांना खोटी हमी देणे जितके वाईट, तितकेच त्यांना हाकलून देणेही वाईट. पैशांअभावी इंजेक्शन सुटले असेल, तर ते तज्ज्ञाला कळू द्यावे. स्वस्त पर्याय, लांबवलेले अंतर, शासकीय रुग्णालय असे मार्ग त्याला ठाऊक असतात आणि रुग्ण संकोचाने ते विचारीत नाही. अग्नी, निद्रा, कोष्ठ, आहार, वेदना, मनाची उभारी ही क्षेत्रे आपली आहेत, आणि पंधरा मिनिटे बसून रुग्णाचे ऐकून घेणे हेही. मेथोट्रेक्सेट आणि प्रतिपिंड घेऊन सूज उतरलेल्या सांध्यातील स्तब्धता, तसेच वर्षानुवर्षांच्या वेदनेने आलेले कृशत्व यांवर आपला अभ्यंग, पथ्य आणि दीपन-पाचन पुष्कळ करू शकतात. त्वचेवर व्रण, पिडका वा पूय असेल तर मात्र रक्तमोक्षण आणि तीक्ष्ण शोधन टाळावे, कारण या रुग्णाचा संसर्ग वेगाने पसरतो.

जाता जाता श्वानदंशाविषयी. ग्रामीण भागात चावा घेतलेला माणूस पुष्कळदा प्रथम वैद्याकडेच येतो. सुश्रुताने कल्पस्थानात अलर्कविषाचे वर्णन करताना जलत्रास हे अरिष्ट मानले, आणि ते निरीक्षण आजही अबाधित आहे : लक्षणे दिसल्यावर रुग्ण जवळजवळ कधीच वाचत नाही. रक्त आलेल्या दंशात साबण-पाण्याने जखम धुणे आणि लस याखेरीज जखमेत तयार प्रतिपिंडे टोचणे आवश्यक असते. घोड्याच्या वा मानवी रक्तातून मिळणारे हे द्रव्य नेहमीच दुर्मिळ. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने अमेरिकेतील मॅसबायोलॉजिक्स या संस्थेच्या साहाय्याने विकसित केलेले रेबीजविरोधी मोनोक्लोनल प्रतिपिंड २०१७ मध्ये भारतात उपलब्ध झाले, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली अशा प्रतिपिंडांच्या वापरास अनुकूलता दर्शवली. आपल्या जिल्ह्यात ते कोठे मिळते, हे प्रत्येक वैद्याने विचारून ठेवावे.

औषधी दुकानदारांसाठी दोन शब्द. ही प्रथिने आहेत, क्षार वा भस्म नव्हेत. २ ते ८ अंश सेल्सिअस तापमान त्यांना लागते आणि गोठल्यास ती निकामी होतात. सबब शीतकपाटात बर्फाच्या कप्प्याला टेकवून किंवा दारातील फळीवर ती ठेवू नयेत, आणि रुग्णाला देताना बर्फाच्या तुकड्यांत थेट बुडवून देऊ नयेत. गोठून वितळलेली कुपी पुष्कळदा दिसावयास स्वच्छच असते, म्हणूनच तापमापकाची रोजची नोंद महत्त्वाची. जोराने हलवू नये, आणि द्रव गढूळ वा कणयुक्त दिसल्यास परत करावा. सामान्य तपमानात किती दिवस चालेल हे प्रत्येक उत्पादनाच्या पत्रकात वेगळे असते, तोंडी अंदाजाने सांगू नये. चिकित्सकाने लिहिलेल्या जैवसदृश औषधाऐवजी दुसऱ्या कंपनीचे परस्पर देऊ नये, आणि गठ्ठा क्रमांक बिलावर अवश्य लिहावा. पुढे प्रतिक्रिया आली तर नेमके काय दिले गेले होते, हे शोधण्याचा तो एकच धागा असतो. आणि त्याच काउंटरवरून अशा ग्राहकाला ‘जोडीला हे प्रतिकारशक्तीचे चूर्ण घ्या’ असे सुचवू नये, ही आग्रहाची विनंती.

आपल्या संघटनेच्या छापील केसपेपरवर प्रकृती, कोष्ठ, सात्म्य यांचे रकाने आहेत. त्यांच्याच खाली एक ओळ वाढवावी असा माझा प्रस्ताव आहे : ‘गेल्या दोन वर्षांत घेतलेली इंजेक्शने, त्यांची नावे, शेवटची आणि पुढील तारीख.’ नाव आठवत नसेल तर रुग्णाला रिकामा खोका किंवा बिल आणावयास सांगावे आणि तोपर्यंत नवे तीक्ष्ण औषध सुरू करू नये. सोबत तज्ज्ञाच्या नावे एक छोटे पत्र असावे, ज्यात आपण देत असलेल्या प्रत्येक कल्पातील द्रव्ये नावानिशी लिहिलेली असतील. ‘आयुर्वेदिक औषध चालू’ एवढे लिहून भागणार नाही. पुढील सर्वसाधारण सभेपूर्वी या ओळीच्या मसुद्यावर सभासदांनी आपल्या सूचना लेखी पाठवाव्यात.